व्यसनातून सावरणाऱ्याला साथ: पीअर कोचिंग कसं करायचं, पहिल्या फोनपासून निरोपापर्यंत

व्यसन सोडल्यावर पुन्हा घसरण्याचा धोका पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. नेमका याच काळात उपचार केंद्रातला मुक्काम संपलेला असतो, डॉक्टरांची पुढची तारीख दोन-तीन आठवड्यांवर असते आणि घरचे लोक प्रत्येक हालचालीकडे संशयाने बघत असतात. पीअर कोचचं काम या मधल्या पोकळीत सुरू होतं. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला, बऱ्यापैकी स्थिरावलेला माणूस थोडं प्रशिक्षण घेऊन दुसऱ्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मर्यादेत साथ देतो, एवढाच या कामाचा अर्थ.

कल्पना जुनीच आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यपी एकमेकांशी बोलत न पिता दिवस काढू लागले आणि त्यातून दारू सोडू पाहणाऱ्यांची, एकमेकांना आधार देणारी संघटना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) उभी राहिली. पण एएमधला स्पॉन्सर आणि पीअर कोच यांच्यात फरक आहे. स्पॉन्सर, म्हणजे नव्या सदस्याला वाट दाखवणारा जुना सदस्य, एएच्या ठरलेल्या बारा पायऱ्यांच्या वाटेने नेतो. कोचकडे अशी एकच वाट नसते. समोरचा माणूस एएसारख्या गटाच्या मीटिंगला जाईल, औषधं घेईल, समुपदेशन घेईल किंवा तिन्ही करेल. त्याने जे निवडलंय त्यावर टिकायला कोच मदत करतो. आणि कोच समुपदेशक तर अजिबात नाही. निदान करणं, लहानपणच्या जखमा उकरणं, गोळीचा डोस कमी-जास्त करायला सांगणं यातलं काहीही त्याचं काम नाही.

(ज्याला साथ द्यायची त्याला या लेखात ‘साथी’ म्हटलं आहे. सगळीकडे ‘तो’ असलं तरी स्त्रियांनाही हे सारंच लागू आहे. शक्यतो स्त्रीला स्त्री कोच असावी, म्हणजे पुढचे बरेच गैरसमज टळतात.)

आधी कोचची तयारी

बहुतेक ठिकाणी कोच होण्यासाठी स्वतःची किमान एक वर्षाची व्यसनमुक्ती मागतात, काही ठिकाणी दोन वर्षांची. नुसत्या महिन्यांवर मात्र जाऊ नका. दुसऱ्याने नशेच्या गप्पा अर्धा तास तपशीलवार सांगितल्या, तर त्या रात्री तुम्हाला नीट झोप लागते का, हा त्याहून चांगला निकष आहे. लागत नसेल तर अजून थांबा.

तुमचा स्वतःचा आधार आधी पक्का हवा: तुमची मीटिंग, तुमचा समुपदेशक, तुमचं जे काही असेल ते. कोचिंग हा त्याला पर्याय नाही. ‘दुसऱ्याला मदत केली की माझी सोब्रायटी (नशेपासून दूर राहणं) आपोआप टिकते’ हे वाक्य फार ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे, कारण साथी घसरला की त्याच्यासोबत तुमचाही आधार जातो.

दुसरी अट सुपरवायझरची. अनुभवी समुपदेशक, केंद्रातले सामाजिक कार्यकर्ते किंवा ज्येष्ठ कोच, कोणीही चालेल, पण दर दोन आठवड्यांनी पाऊण तास त्यांच्यासमोर बसायचं आणि अडलेलं मांडायचं. सुपरवायझर नसेल तर कोचिंग सुरूच करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. सुरुवातीला एका वेळी दोन साथी, फार तर तीन. नातेवाईक, ज्याच्यासोबत तुम्ही कधी नशा केली आहे असा माणूस आणि ज्याच्याशी पैशाची देवघेव आहे असा माणूस, या तिघांना साथी म्हणून घेऊ नये.

सगळ्यात आधी विचारायचं: शेवटचं कधी घेतलं?

पहिल्या फोनवरच तीन गोष्टी विचाराव्या लागतात. काय घेत होता, रोज साधारण किती, आणि शेवटचं कधी. याची उत्तरं मिळाल्याशिवाय कसलीही आखणी करायची नाही, कारण काही पदार्थ एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं.

दारू रोज आणि भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, धडधड, उलट्या सुरू होतात. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त असतो. त्यानंतर, म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास, काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, दिवस-रात्रीचं भान जातं, ताप चढतो. ही अवस्था उपचाराविना जीवघेणी ठरू शकते. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचंही तसंच आहे. महिनोन् महिने रोज घेतलेल्या अशा गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते, आणि ती कधीकधी बऱ्याच दिवसांनी येते. म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी करतात. यापैकी कोणताही साथी असेल तर तुमचं पहिलं काम एकच: त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवणं. ‘मनाचा निर्धार कर, मी आहे ना’ असं म्हणून त्याला घरातच बसवणं हा धोकादायक चांगुलपणा आहे.

हेरॉइन किंवा अफूवर्गातल्या इतर पदार्थांचा धोका उलट बाजूने येतो. सोडताना अंगदुखी, जुलाब, उलट्या, निद्रानाश असा फार त्रास होतो. अंगातलं पाणी खूप कमी होऊ न दिलं तर निरोगी माणसात तो सहसा जिवावर बेतत नाही. पण सोडल्यावर शरीराची सवय झपाट्याने उतरते. काही आठवड्यांनी माणूस घसरला आणि त्याने जुनाच डोस घेतला, तर श्वास बंद पडू शकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकत्याच बाहेर आलेल्यांचे मृत्यू बऱ्याचदा असेच होतात. ही गोष्ट साथीला आणि त्याची परवानगी असेल तर घरच्यांनाही स्पष्ट शब्दांत सांगा. ओठ निळसर, श्वास अगदी संथ किंवा घरघरता, हाक मारून आणि हलवूनही जाग नाही, असं दिसलं तर लगेच अँब्युलन्स बोलवायची. नालोक्झोन हे अफूवर्गातल्या पदार्थांचा परिणाम उलटवणारं औषध जवळ असेल आणि वापरता येत असेल तर द्यायचं. श्वास चालू असेल तर माणसाला कुशीवर वळवायचं, श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास द्यायचा, आणि मदत येईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही. नालोक्झोनचा परिणाम थोड्या वेळाने उतरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी हॉस्पिटल टाळू नये.

पहिली भेट

एक तास ठेवा, जास्त नको. जागा अशी हवी की बोलणं दुसऱ्याला ऐकू जाणार नाही, पण दोघंही कोणाच्या घरी नसाल: संस्थेची खोली, वाचनालयाचा कोपरा, बाग. साथी नशेत आला तर चिडू नका, भेट मात्र घेऊ नका. तो सुखरूप घरी पोहोचेल एवढं बघा आणि दुसऱ्या दिवशीची वेळ द्या.

पहिली दहा मिनिटं चौकट समजावण्यात जातात. तुम्ही कोण, काय करता, काय करत नाही. भेटी कधी, फोन कोणत्या वेळेत, आणि त्या वेळेबाहेर काही झालं तर कोणाला कळवायचं. त्यानंतर गुप्ततेचा विषय येतो, आणि इथेच नवे कोच घाईत चुकीचं वचन देऊन बसतात. ‘तू सांगशील ते माझ्याजवळच राहील’ असं कधीही म्हणू नका. अशा शब्दांत सांगा: ‘तुमचं बोलणं मी घरच्यांना किंवा नोकरीच्या ठिकाणी सांगणार नाही. मी माझ्या सुपरवायझरशी बोलतो, पण तिथे तुमचं नाव घेत नाही. तीन गोष्टी मात्र मला स्वतःजवळ ठेवता येणार नाहीत: तुमच्या जिवाला धोका असेल, तुमच्याकडून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा एखाद्या लहान मुलावर अत्याचार होत असेल.’ हे आधीच सांगितलेलं असलं की पुढे फोन करायची वेळ आली तर विश्वासघात वाटत नाही.

हे सगळं एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. पानभरापेक्षा मोठा करार कोणी वाचत नाही.

उरलेला वेळ साथीचा. सुरुवात व्यसनाच्या इतिहासाने करू नका. तो त्याने दहा जणांना सांगून झालेला असतो आणि तो घोकलेल्या धड्यासारखाच बाहेर येतो. ‘सध्या दिवस कसा जातो?’ हा प्रश्न जास्त कामाचा. भेट संपताना एकच छोटी गोष्ट ठरवा, पुढच्या भेटीची तारीख आणि वेळ दोघांच्या फोनमध्ये टाका, आणि त्याच रात्री दोन मिनिटांचा फोन करा. पहिल्या भेटीनंतर साथी गायब होणं ही नेहमीची गोष्ट आहे. या दोन मिनिटांच्या फोनने ती बरीच कमी होते.

‘तुम्ही’ की ‘तू’? सुरुवात ‘तुम्ही’ने करा. साथी अरे-तुरेवर आला की तुम्हीही या. तो लहान वयाचा आहे म्हणून पहिल्या मिनिटापासून ‘तू’ म्हटलं की तुम्ही शिक्षकाच्या खुर्चीत जाऊन बसता आणि मग तो शाळेतल्या मुलासारखा खोटं बोलू लागतो.

बोलायचं कसं

या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य म्हणजे सल्ला गिळणं. तुम्हाला रस्ता माहीत असतो, समोरचा खड्ड्याकडे निघालेला दिसतो आणि तोंडातून ‘अरे, असं करू नकोस’ निघून जातं. त्याचा परिणाम असा होतो की तुम्ही बदलाच्या बाजूने जितकं बोलाल, तितका तो न बदलण्याच्या बाजूने बोलतो. दोन्ही बाजू त्याच्या मनात आधीपासून असतातच; एक तुम्ही उचलली की त्याच्या हातात दुसरीच उरते. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या समस्येसाठी मांडलेली आणि पुढे स्टीफन रोल्निक यांच्यासोबत वाढवलेली प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत याच निरीक्षणावर उभी आहे. कोचने ती पूर्ण शिकावी. सुरुवातीला तिच्यातल्या चार सवयीही पुरतात: मोकळे प्रश्न विचारणं, समोरच्याने प्रत्यक्ष केलेल्या गोष्टीची दखल घेणं, त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत मांडणं आणि अधूनमधून गोळाबेरीज करणं.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं बघा.

‘शनिवारी जुन्या ग्रुपची पार्टी आहे. गेलो नाही तर बरं दिसणार नाही.’

‘मैत्री तुटायला नकोय तुला.’

‘हो ना. पण तिथे सगळे पिणार. मागच्या वेळी मी तासाभरात ग्लास उचलला होता.’

‘म्हणजे जावंसंही वाटतंय, आणि तिथे काय होईल तेही दिसतंय.’

‘दिसतंय. खरं तर नऊनंतरच गडबड होते. त्याआधी नुसत्या गप्पा असतात.’

इथे कोचने सल्ल्याचा एक शब्द उच्चारलेला नाही आणि तरी ‘नऊनंतर’ हा धागा साथीनेच काढून दिला आहे. आता विचारायचं: ‘मग या नऊचं काय करायचं?’ तो म्हणेल आठला निघतो, किंवा अमक्याला सोबत नेतो, किंवा जातच नाही. त्याने स्वतः काढलेला मार्ग शनिवारी त्याला आठवतो. तुमचा मार्ग तुमच्याबरोबर घरी जातो.

तयारी चाचपण्यासाठी शून्य ते दहाची पट्टी वापरा. ‘दारूपासून लांब राहणं आत्ता तुझ्यासाठी किती महत्त्वाचं आहे?’ तो म्हणाला ‘पाच’. इथे नवा कोच विचारतो, ‘दहा का नाही?’ आणि साथी न सोडण्याची कारणं मोजू लागतो. उलटं विचारा: ‘पाच म्हणालास. दोन का नाही?’ आता तो सोडण्याची कारणं स्वतःच्या तोंडाने सांगेल. मग हीच पट्टी आत्मविश्वासासाठी: ‘आणि जमेल असं किती वाटतं?’ महत्त्व नऊ आणि आत्मविश्वास तीन असेल तर त्याला व्यसनाचे तोटे ऐकवण्यात काही अर्थ नाही. ते त्याला पाठ आहेत. त्याला जमण्याजोगी छोटी पायरी हवी असते.

माहिती द्यायचीच असेल तर आधी परवानगी घ्या: ‘या बाबतीत काही लोकांना उपयोगी पडलेलं सांगू का?’ दोन-तीन पर्याय ठेवा आणि ‘यातलं तुला काय पटतं?’ असं विचारून थांबा.

तुमची स्वतःची कहाणी हे या कामातलं सर्वांत ताकदीचं आणि सर्वांत जास्त गैरवापर होणारं साधन आहे. दोन मिनिटांच्या आत, समोरच्या मुद्द्यापुरती, नशेच्या रंगतदार तपशिलांशिवाय, आणि शेवटी चेंडू त्याच्याकडे: ‘माझं असं झालं होतं. तुझं कसं आहे?’ सांगण्याआधी मनात विचारा, हे त्याच्यासाठी आहे की माझ्या मनाच्या समाधानासाठी? उत्तर पटकन आलं नाही तर सांगू नका.

आठवड्याची आखणी

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक कागद घ्या, उभ्या सात रांगा आणि आडवे तासांचे कप्पे पाडा. मागचा आठवडा साथीनेच भरायचा. कोणत्या तासात ओढ लागली तिथे खूण. भरून झाला की आकृती समोर दिसते: बहुतेक खुणा दोन-तीन ठरावीक पट्ट्यांतच असतात. कामावरून सुटल्यावरचा तास, रविवारची रिकामी दुपार, पगाराचा दिवस, भांडणानंतरची रात्र. आखणी फक्त या पट्ट्यांची करायची. अख्खा आठवडा बदलायला निघालेला माणूस तिसऱ्या दिवशी थकतो.

प्रत्येक पट्टीसाठी एक पर्यायी कृती ठरवा आणि तिला दिवस, वेळ, जागा आणि सोबती द्या. ‘व्यायाम करीन’ ही इच्छा झाली. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहाला ऑफिसमधून थेट मैदानावर, भावाबरोबर अर्धा तास चालणं’ ही कृती. ठरल्यावर पुन्हा ती शून्य ते दहाची पट्टी काढा: हे होईल याची खात्री दहापैकी किती? सातच्या खाली असेल तर कृती लहान करा. अर्धा तासाचे पंधरा मिनिटं, तीन दिवसांचा एक दिवस. सलग तीन आठवडे पूर्ण झालेली छोटी कृती माणसाचा स्वतःवरचा विश्वास जितका परत आणते तितका मोठा संकल्प आणत नाही.

ओढ लागते तेव्हा काय करायचं ते आधीच लिहिलेलं हवं, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. तिचा जोर साधारण १५ ते ३० मिनिटांत ओसरतो; तंबाखूची एकेक तलफ तर बऱ्याचदा काही मिनिटांचीच असते. पाकिटात मावेल एवढ्या कार्डावर साथीच्या हस्ताक्षरात असं काहीसं हवं: ‘जागा बदल. पाणी पी, काही खा. घड्याळात वीस मिनिटं लाव. फोन कर.’ खाली तीन नावं आणि नंबर. त्यांतलं पहिलं नाव तुमचं नको, हे महत्त्वाचं. तुम्ही एखाद्या दिवशी उपलब्ध नसणारच. शिवाय भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टी ओढीला खतपाणी घालतात, म्हणून कार्डाच्या मागे हे चार शब्द लिहून ठेवावेत.

जुने नंबर खोडायचे असतील तर साथीने स्वतःच्या हाताने, तुमच्यासमोर खोडावेत. तुम्ही त्याचा फोन हातात घ्यायचा नाही.

सावरायला कशाकशाचा आधार आहे याची यादी महिन्यातून एकदा करा. ग्रॅनफिल्ड आणि क्लाउड या संशोधकांनी १९९९ मध्ये याला सावरण्याचं भांडवल असं नाव दिलं: तब्येत, राहण्याची स्थिर जागा, उत्पन्न, कौशल्यं, नशा न करणारी माणसं, ज्यात मन लागतं असं काम. जिथे सर्वांत मोठं भगदाड दिसेल तिथे पुढचा महिना. राहायला जागाच नसलेल्या माणसाबरोबर विचारांच्या नोंदवह्या भरत बसू नका, आधी जागेचं बघा.

भेटी आणि फोन

पहिले दोन आठवडे रोज एक फोन, पाच ते दहा मिनिटांचा, ठरलेल्या वेळी, आणि आठवड्याला एक प्रत्यक्ष भेट पाऊण तासाची. पुढे तिसऱ्या महिन्यापर्यंत आठवड्याला दोन-तीन फोन आणि एक भेट. त्यानंतर भेटी पंधरवड्यावर न्या. फोन साथीने करावा. त्याने केला नाही तर ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने तुम्ही एकदा करा आणि एक साधा मेसेज टाका: ‘आज बोलणं झालं नाही. उद्या याच वेळी आहे.’ दहा मिस्ड कॉल टाकणारा कोच पोलिसासारखा वाटतो.

फोनवर नेहमीचे तीन प्रश्न पुरेत: आजचा दिवस कसा गेला, ओढ लागली का आणि काय केलंस, उद्याचा अवघड तास कोणता. एखाद्या दिवशी ‘सगळं मस्त’ असं फार झटपट उत्तर आलं तर तिथे थोडं थांबा. घसरणीची सुरुवात ग्लासापासून होत नाही. झोप बिघडणं, मीटिंग टाळणं, जुन्या मित्रांचं कौतुक, ‘आता मला काही होत नाही’ असा सूर हे सगळं त्याआधी आठवडा-दोन आठवडे दिसत असतं. दारू सोडल्यावर झोप कित्येक आठवडे, काहींची महिनोन् महिने विस्कळीत राहते, हे साथीला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर त्याला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय.

घसरला तर

घसरणं हा या कामातला अपवाद नाही, म्हणून त्या दिवसाची कृती पहिल्या महिन्यातच ठरवून ठेवा. त्याने फोन केला असेल तर तुमचं पहिलं वाक्य: ‘बरं केलंस सांगितलंस.’ लगेच पुढे: कुठे आहेस, किती घेतलंस, सोबत कोण आहे, गाडी चालवणार नाहीस ना, जिवाचं काही बरं-वाईट करावंसं वाटतंय का. शेवटचा प्रश्न गाळू नका. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं ठेवायचं नाही, घरच्यांना किंवा तातडीच्या सेवेला लगेच कळवायचं, आणि त्यानंतर सुपरवायझरला.

त्या रात्री कारणमीमांसा करायची नाही. आजचं पिणं इथेच थांबवणं आणि उद्याची भेट ठरवणं, एवढंच. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी दाखवलेली गोष्ट इथे फार उपयोगी पडते: एका ग्लासापेक्षा त्यानंतरचा विचार जास्त नुकसान करतो. ‘सगळं गेलं, आता काय फरक पडतो’ असं वाटलं की एका संध्याकाळचे पंधरा दिवस होतात. म्हणून ‘पुन्हा शून्यापासून’ ही भाषा टाळा. आधी न पिता काढलेल्या दिवसांत तो जे शिकला ते कुठेही गेलेलं नाही. मात्र ‘होतं असं, चालायचंच’ असंही म्हणू नका. अफूवर्गातला पदार्थ असेल तर उतरलेल्या सवयीचा धोका पुन्हा एकदा सांगा. आणि पिणं अनेक दिवस चाललं असेल तर पुन्हा सोडताना डॉक्टर लागतीलच.

एक-दोन दिवसांनी, डोकं थंड झाल्यावर, कागद काढा आणि मागचे ७२ तास उलट्या क्रमाने लिहून काढा. ग्लास कोणी दिला, त्याआधी कुठे होतास, त्याआधी कोणाचा फोन आला होता, त्या रात्री झोप झाली होती का. बहुतेक वेळा ग्लासाच्या कितीतरी आधी एखादा बिनमहत्त्वाचा वाटलेला निर्णय सापडतो: ‘आज त्या रस्त्याने जाऊ’, ‘पगार रोख घेऊ’. आखणीत बदल त्या जागी करायचा.

घरचे, पैसे, औषधं

घरचे तुम्हाला फोन करतील आणि विचारतील, ‘खरं सांगा, घेतो का अजून?’ ठरलेलं उत्तर ठेवा: ‘हे तुम्ही त्यालाच विचारा. हवं तर आपण तिघं एकत्र बसू.’ त्यांना स्वतःसाठी मदत कुठे मिळेल हे मात्र जरूर सांगा. तेही थकलेले असतात.

पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, सांभाळायचेही नाहीत. भाडं, औषध, मुलाची फी, कारण कितीही खरं असलं तरी. ज्या दिवशी तो तुमचा देणेकरी होतो त्या दिवसापासून तो तुम्हाला टाळतो. पैशांची खरी अडचण असेल तर मदत करणाऱ्या संस्थेकडे त्याच्यासोबत जा.

औषधांच्या बाबतीत कोचचं मत हा एक मोठा उपद्रव आहे. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही अफूवर्गाच्या व्यसनावरची औषधं घेणाऱ्याला ‘ही दुसरी नशाच की’ म्हणून ती औषधं सोडायला लावणं म्हणजे त्याचा मृत्यूचा धोका वाढवणं. डायसल्फिराम हे दारूपासून लांब राहण्यासाठीचं औषध घेणाऱ्याला दारूचा अंशही त्रास देतो: तोंड लाल होणं, उलट्या, धडधड, रक्तदाब उतरणं. ही प्रतिक्रिया शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही येऊ शकते. घरचे कधीकधी हे औषध गुपचूप देण्याचा बेत करतात. त्यात सहभागी होऊ नका. हे औषध घेणाऱ्याला माहीत असल्याशिवाय देणं धोक्याचं आहे, हे त्यांना ठामपणे सांगा आणि डॉक्टरांकडे पाठवा. औषधाबद्दल साथीची तक्रार असेल तर ती कागदावर लिहायला मदत करा, म्हणजे डॉक्टरांसमोर पाच मिनिटांत मुद्दे मांडता येतील.

कोचच घसरू लागतो तेव्हा

काही खुणा लक्षात ठेवा. साथीपेक्षा तुम्ही जास्त धडपडताय. त्याचा फोन आला नाही तर जेवण जात नाही. रात्री एकचे फोन तुम्ही ‘फक्त आजच’ म्हणून उचलताय. त्याच्या यशाबद्दल तुम्ही इतरांना सांगू लागलाय. त्याच्याबद्दलची एखादी गोष्ट सुपरवायझरला सांगायची टाळताय. यातली शेवटची खूण सर्वांत गंभीर. जे सुपरवायझरपासून लपवावंसं वाटतं तेच आधी सांगा, मग ते आकर्षण असो, राग असो की स्वतःची ओढ.

तुम्ही स्वतः घसरलात तर त्याच दिवशी काम थांबवायचं, सुपरवायझरला कळवायचं आणि साथीला दुसरा कोच मिळेल असं बघायचं. साथीला खोटं कारण सांगू नये. ‘माझ्या तब्येतीच्या कारणाने मला थांबावं लागतंय, पुढे अमुक जण तुझ्यासोबत असतील’ एवढं पुरे.

नोंदी आणि निरोप

प्रत्येक भेटीनंतर पाच ओळी, त्याच दिवशी: तारीख, काय ठरलं होतं, काय झालं, पुढे काय ठरलं, काळजीचं काही. नावाऐवजी आद्याक्षर किंवा क्रमांक. ‘खोटं बोलत होता’ असं लिहू नका. ‘भेटीला ४० मिनिटं उशिरा आला, फोनबद्दल विचारल्यावर विषय बदलला’ असं लिहा. ही वही साथीने मागितली तर दाखवता यावी, अशी लिहायची.

निरोपाची तयारी पहिल्या भेटीतच सुरू होते, कारण मुदत तेव्हाच ठरवायची असते. सहा महिने ते वर्ष ही सोयीची मुदत. शेवटच्या दोन महिन्यांत भेटी महिन्यावर न्या आणि फोन हळूहळू त्याच्या इतर तीन माणसांकडे वळवा. काही साथी नेमके याच वेळी घसरतात किंवा नवं संकट घेऊन येतात. मुदत थोडी वाढवायला हरकत नाही, मात्र सुपरवायझरशी बोलून, किती आठवडे ते आधी ठरवून, आणि एकदाच.

शेवटच्या भेटीत आठवड्याचा पहिला कागद आणि आत्ताचा कागद शेजारी ठेवा आणि त्याला वाचू द्या. कार्डावरचे नंबर नव्याने तपासा. पुन्हा गरज पडली तर कोणाला फोन करायचा ते लिहून द्या: संस्थेचा नंबर, तुमचा खासगी नाही. नोंदवही नियमाप्रमाणे सुपरवायझरकडे जमा करा, फोनमधले त्याचे मेसेज काढून टाका, आणि पुढचा साथी घेण्याआधी निदान दोन आठवडे मोकळे ठेवा.